भोंग्याची तार कापली तर?

नोव्हेंबर 2017 मधील जुईनगरची चोरी नवी मुंबईतील व्यापारी विसरलेले नाहीत. सेक्टर 11 मधील बँक ऑफ बडोदाच्या शाखेजवळचा गाळा चोरांनी काही महिने आधी भाड्याने घेतला, जनरल स्टोअर थाटले, आतून भुयार खणले आणि बँकेचे 30 लॉकर फोडले. सोमवारी, 13 तारखेला बोभाटा झाला. चोर दरवाज्याने आलेच नव्हते.

त्यानंतर मी माझ्या कापडाच्या गोडाऊनचा अलार्म एका जाणत्या वायरमनला दाखविला. त्याने स्टूल मागवले, पक्कड काढली आणि बाहेरच्या भोंग्याची तार कापली. म्हणाला, "आता शटर उघडा, शेठ." उघडले. भोंगा गप्प! चार वर्षे मी त्याच्या भरवशावर झोपत होतो. निम्मा माल उधारीचा; चोरी झाली तरी पेढीचे देणे थोडेच चुकते?

व्यापारी बंधूंनो, अलार्म बसविताना आपण चोराचा विचार करतो, पण चोर आधी अलार्मचा विचार करतो. भोंग्याच्या पेटीत स्वतःची बॅटरी हवी, म्हणजे तार कापताच तो आपोआप वाजू लागतो.

शटरच्या सेन्सरची गोष्ट निराळी. त्याची तार कापली तर बहुतेक यंत्रे ओरडतात. पण दोन तारा सोलून एकमेकींना जोडल्या, की यंत्राला वाटते शटर बंदच आहे. यावर उपाय म्हणजे एक लहानसा रेझिस्टर. यंत्र तेवढाच अडथळा मोजत राहते. तार तुटली किंवा जुळली, दोन्ही वेळा आकडा बदलतो व भोंगा वाजतो. मात्र रेझिस्टर सेन्सरच्या टोकाला बसवावा. पुष्कळ मिस्त्री श्रम वाचवून तो यंत्राच्या पेटीतच बसवितात. तसे केल्यास तो असून नसल्यासारखा. माझ्याकडे तसाच होता.

तिसरी बाब झाकणाची. चांगल्या सेन्सरच्या झाकणाखाली स्प्रिंगचे बारीक बटण असते. झाकण उघडताच ते सुटते. यालाच टँपर स्विच म्हणतात. माझ्या सेन्सरमध्ये तो पहिल्यापासून होता, फक्त त्याला तार जोडलेली नव्हती! चार तारांची केबल ओढली होती. दोन विजेच्या, दोन अलार्मच्या. टँपरला आणखी दोन लागतात. सहा तारांची केबल मागा.

हे टँपरचे कनेक्शन चोवीस तास चालू राहील असे करून घ्या. दुकान उघडे असते तेव्हा अलार्म बंद असतो, आणि सणासुदीच्या गर्दीत गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस तेव्हाच झाकण उघडून आतली तार बिघडवून जातो. रात्री त्याला फक्त यायचे असते.

जमीन आणि भिंतीसाठी हादरा ओळखणारे सेन्सर वेगळे मिळतात. शेजारचा गाळा नवख्याने घेतला असेल तर त्यांची चौकशी करावी.

काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी मिस्त्रीला म्हणावे, झाकण उघडून दाखव. मी म्हटले, तेव्हा शेजारचे चार दुकानदार धावत आले.