एका तव्यावरचें जेवण

मांजरी बुद्रुक हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेलें. तरी आसपासचे मळेकरी आपला भाजीपाला मांजरीच्या उपबाजारांत आणतातच. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधण्यांत घरांतील स्त्रियांचा हात असतो, आणि तें काम आटोपल्यावर चूल व भांडींही त्यांच्याच वाट्यास येतात. पुरुषमंडळी मात्र हातपाय धुऊन पाटावर बसतात. ही रीत आम्हांस उचित वाटत नाहीं. जुड्यांच्या दिवशीं पुढील स्वयंपाक पुरुषांनीं करावा. तो त्यांस सहज जमेल.

भाकऱ्या आधीं भाजून घ्याव्या. त्याच खोलगट लोखंडी तव्यांत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण व मिरची टाकून दोन कांदे परतावे. मेथीची जुडी उरली असल्यास तीही चिरून घालावी. मग हळद, मीठ व वाटीभर डाळीचें पीठ घालून मंद आंचेवर खमंग वास सुटेतों हलवावें. पाणी एकदम ओतूं नये, गोळे होतात. हातानें शिंपडून वर ताट झांकावें. पांचएक मिनिटांच्या वाफेनें पिठाचा कच्चेपणा जातो. (१९९५ सालीं राज्य सरकारनें एका रुपयांत दिलेली झुणका-भाकर ती हीच.)

झुणका भाकरीवरच वाढून घेतला म्हणजे निराळीं ताटें लागत नाहींत. तवा कोमट आहे तोंच गरम पाण्यानें व काथ्यानें घासावा, आंचेवर कोरडा करावा आणि तेलाचें बोट फिरवून ठेवावा. ओला राहिल्यास सकाळपर्यंत गंज धरतो.