‘एअरपोर्ट’ कादंबरीतील लीसबर्ग : हवाई नियंत्रण केंद्राचे वास्तव आणि दोषनिश्चितीचा प्रश्न

आर्थर हेली (१९२०-२००४) यांची ‘एअरपोर्ट’ ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील लिंकन इंटरनॅशनल हे विमानतळ काल्पनिक आहे. तथापि कथानकाला ज्या घटनेने वेदनेची धार येते, ती घटना लेखकाने काल्पनिक जागी घडविलेली नाही. व्हर्जिनिया राज्यातील लीसबर्ग येथील वॉशिंग्टन हवाई मार्ग नियंत्रण केंद्र त्याने खऱ्या नावानिशी कादंबरीत आणले आहे. लोकप्रिय कादंबरी म्हणून या कृतीची बोळवण करणाऱ्या अभ्यासकांचे या निवडीकडे सहसा लक्ष जात नाही.

कीथ बेकर्सफेल्ड हा नियंत्रक कामाच्या ताणातून क्षणभर मोकळीक मिळावी म्हणून काही मिनिटे अधिक आपल्या जागेपासून दूर राहतो. त्याच अवधीत दोन विमानांची टक्कर होते आणि एक कुटुंब मृत्युमुखी पडते. अधिकृत ठपका सहकाऱ्यांवर येतो. अपराधाचे ओझे मात्र कीथ मनात वाहत राहतो. प्रस्तुत लेखाचा प्रश्न असा की, प्रत्यक्ष लीसबर्गमध्ये दोष असा एका माणसाच्या अंतःकरणात सापडतो काय?

त्यासाठी या केंद्राचे स्वरूप समजून घ्यावे लागते. सामान्य वाचकाच्या मनात हवाई नियंत्रण म्हणजे काचेचा मनोरा असतो. लीसबर्गचे काम निराळे आहे. तेथे धावपट्टी नाही, की विमान डोळ्यांनी दिसत नाही. विमानतळाची हद्द सोडून मार्गाला लागलेली विमाने तेथून हाताळली जातात. दूरवरच्या रडारांची माहिती एका सभागृहात एकवटते. आकाशाचे विभाग पाडलेले असतात आणि विमान एका विभागाच्या सीमेवर आले की त्याची जबाबदारी शेजारच्या नियंत्रकाकडे सोपविली जाते. हेली यांच्या काळात रडारचे पडदे आडवे असत. पडद्यावरील ठिपक्याशेजारी विमानाची ओळख लिहिलेली प्लास्टिकची छोटी खूण ठेवून ती हाताने सरकवीत न्यावी लागे. पुढे संगणकाने ही ओळख पडद्यावर आपोआप उमटविली. हस्तांतरण मात्र टळले नाही. खरी जोखीम या सोपविण्याच्या क्षणी असते, हे कादंबरीनेही अचूक हेरले आहे.

कादंबरीनंतर सहा वर्षांनी, १ डिसेंबर १९७४ रोजी, याच परिसरात टीडब्ल्यूएचे ५१४ क्रमांकाचे बोइंग ७२७ विमान माउंट वेदर येथील डोंगरावर आदळले. ९२ जण दगावले. हे विमान लीसबर्गच्या अखत्यारीतून डलस विमानतळाच्या नियंत्रकाकडे सोपविले गेले होते. डलसच्या नियंत्रकाने उतरण्याच्या मार्गास परवानगी दिली. या परवानगीतच खाली येण्याची मुभा आहे, असे वैमानिकांनी मानले. उंची सांभाळणे वैमानिकांचे काम आहे, असे नियंत्रकाने मानले. शब्द एक, अर्थ दोन. चौकशी मंडळातही तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली : बहुमताने वैमानिकांचा निर्णय मुख्य मानला, तर अल्पमताने नियंत्रणाची कार्यपद्धती व परिभाषेतील संदिग्धता. येथे कोणी जागेवरून उठून गेले नव्हते. कीथसारखे पात्र या घटनेत शोधूनही सापडत नाही.

हा प्रश्न जालन्यातील वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. जालना जिल्ह्यावरील आकाश मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रात मोडते, आणि जिल्ह्याला जवळचे विमानतळ म्हणजे चिकलठाणा. तेथून २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या ४९१ क्रमांकाच्या विमानाने मुंबईकडे उड्डाण केले. धावपट्टी संपता संपता पुरेशी उंची न मिळालेले हे बोइंग ७३७ विमान हद्दीबाहेरील रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या मालमोटारीला धडकले, पुढे विजेच्या तारांना लागले आणि कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. मराठवाड्यातील कापसाने भरलेली गाडी त्या रस्त्याने जाणे ही नित्याची गोष्ट होती. किंबहुना म्हणूनच तिचा विचार आधी व्हायला हवा होता.

चौकशीचा निष्कर्ष दुहेरी होता. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले, हे एक कारण. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित करण्यात तत्कालीन राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे दुसरे. म्हणजे हवाई वाहतुकीच्या सुरक्षिततेत रस्त्यावरची मालमोटारही आली. ती कोणत्याही रडारच्या पडद्यावर दिसणार नव्हती.

कादंबरीला एक अपराधी मन लागते. त्याशिवाय कथा उभी राहत नाही, आणि हेली यांना त्याबद्दल दोष देणे योग्य ठरणार नाही. परंतु वर्गात ही कादंबरी शिकविताना कीथच्या आत्मपीडेवरच थांबणारे विवेचन अपुरे पडते. ते काही मिनिटांचे रिकामे आसन, त्या जागी बसलेला प्रशिक्षणार्थी आणि त्याच्यावर नजर ठेवणारा कामाने दबलेला वरिष्ठ, अशी मांडणी कादंबरीतच आहे. विद्यार्थ्यांना लीसबर्गचे ते प्रकरण चिकलठाण्याच्या दुहेरी निष्कर्षाशेजारी ठेवून वाचावयास देता येईल. जालन्याच्या वर्गात अशी मुले असतात, ज्यांच्या घरचा कापूस अशाच गाठींमधून बाहेर गेलेला असतो.