‘एवं मे सुतं’ : सांगणारा कोण?

वर्षावासात विहारोविहारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होत असते. कन्हानकाठच्या खापा येथील अशाच एका वाचनात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे प्रकरण संपले, तेव्हा एका वयोवृद्ध उपासिकेने आम्हांस अडविले. ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांचा तंटा आहे. त्यांच्या घरच्या तसबिरीत मात्र म्हातारा, रोगी, प्रेत आणि परिव्राजक आहेत. “मंग आनंदानं खोटं सांगतलं काय जी?” असे त्यांनी विचारले. त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर आम्हांलाच पटले नव्हते. म्हणून हा लेख.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, चार निमित्तांची कथा सिद्धार्थाविषयी आनंदाने सांगितलेली नाही. दीघनिकायातील महापदान सुत्तात ती येते, पण तेथे ती विपस्सी या पूर्वबुद्धाची कथा आहे. ललितविस्तर, बुद्धचरित, निदानकथा या उत्तरकालीन रचनांनी ती गौतमाच्या चरित्रात रूढ केली. याउलट मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तथागत स्वतःच, ‘मी’ म्हणून, आपल्या गृहत्यागाची हकीकत सांगतात. तेथे मध्यरात्र नाही, कंथक घोडा नाही, झोपलेली पत्नी नाही. ऐन तारुण्यात, आईवडील अश्रू ढाळीत असताना, केस-दाढी उतरवून काषाय वस्त्रे परिधान करून आपण घर सोडले, एवढेच तथागत सांगतात. अंगुत्तरनिकायात जरा, व्याधी व मरण यांवरील त्यांचे चिंतन आहे. तेही रस्त्यावर दिसलेले दृश्य नसून मनातील विचार आहे. विचाराला पुढील कथाकारांनी रथ आणि सारथी जोडून दिला, असे आम्हांस वाटते.

साहित्यसमीक्षेत ज्याच्या सांगण्यावर वाचकाने पूर्ण विसंबू नये अशा कथकाला ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मध्ये रूढ केली. परंतु अविश्वसनीय म्हणजे लबाड, असा अर्थ घेऊ नये. महातण्हासंखय सुत्तातील साती हा भिक्खू लबाड नव्हता. एकच विज्ञान जन्मोजन्मी संसरण करते, हीच तथागतांची शिकवण आहे, असे तो मनापासून मानीत होता आणि सांगत होता. तथागतांनी त्याला बोलावून विचारले की, मी असे कोणाला शिकविले? आपण ऐकतो ते आपल्या जुन्या समजुतीतून गाळून ऐकतो, आणि हे गाळणे आपल्या ध्यानात येत नाही, हा साती भिक्खूचा दोष होता. तो कोणाचाही असू शकतो.

आता आनंदाकडे वळू. सुत्ताच्या आरंभी येणारे ‘एवं मे सुतं’ हे शब्द परंपरेने आनंदाचे मानले जातात. त्यांत पाहिल्याचा दावा नाही. ‘मी असे ऐकले’ एवढीच कबुली आहे. आणि हा निवेदक स्वतःला झाकत नाही. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी सूचना देऊनही ती न उमगलेला, दाराला टेकून रडणारा आयुष्मान आनंद येतो. तो तृतीय पुरुषात आहे, पण परंपरा मानली तर सांगणारा तोच आहे. राजगृहाच्या प्रथम संगीतीत थेरांनी त्याच्यावर दोष ठेवले. स्त्रियांना प्रव्रज्या मिळवून दिली, हाही त्यांतील एक. यात मला दोष दिसत नाही, तरी आपणांवरील श्रद्धेमुळे मी तो मान्य करतो, असे उत्तर आनंदाने दिल्याचे चुल्लवग्गात नमूद आहे. (स्त्रियांच्या प्रव्रज्येचा दोष मानणाऱ्या थेरांविषयी वाचकांनी आपले मत स्वतः बनवावे, आमचे मत आनंदाच्या बाजूचे आहे.) त्याच प्रकरणात आणखी एक नोंद आहे. संगीती आटोपल्यावर दक्खिणागिरीहून पुराण थेर आले. थेरांनी संगायन उत्तम केले, पण मी भगवंतांच्या मुखातून जसे ऐकले तसेच धारण करीन, असे ते म्हणाले. संगीतीच्या वृत्तान्तानेच हा असहमतीचा स्वर जपून ठेवला, हे विशेष होय.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच प्रश्नाला हात घातला. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी आपल्या शंका मांडल्या आहेत. एकोणतीस वर्षांच्या तरुणाला तोवर म्हातारा, रोगी वा प्रेत दिसलेच नसेल, हे बुद्धीला पटत नाही, ही त्यांतील पहिली शंका. पुढे चौथ्या खंडात, तथागतांच्या वचनांचे विपरीत कथन झाल्याची पाच सुत्ते ते देतात. साती भिक्खूचे सुत्त त्यांत आहे. लेखन नसलेल्या काळात भाणकांच्या स्मरणावर सर्व विसंबले होते, हे कारण ते दाखवितात आणि कसोट्याही देतात: जे बुद्धिसंगत व तर्कसंगत ते तथागतांचे, मानवी हिताशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत ते शिरले नाहीत, निश्चित विषय आणि अनिश्चित विषय त्यांनी वेगळे ठेवले. बाबासाहेब आपली निवड वाचकापासून लपवीत नाहीत.

हीच दृष्टी आपल्या आत्मकथनांकडेही न्यावी लागेल. ती अतिरंजित आहेत, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) दगडू मारुती पवार हा दया पवारांनाच आपली कथा ऐकवितो, एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसविले आहेत. त्यामुळे सांगणाऱ्याची लाज, त्याचा पळपुटेपणा हेही मजकुराचेच भाग होतात. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (1986) याहून अवघड आहे. तेथील ‘आम्ही’ हा साऱ्या वस्तीचा आहे. सासुरवाशिणींवरील अत्याचार त्या निर्भीडपणे सांगतात, मात्र स्वतःच्या संसारातील मार सांगत नाहीत. पतीपासून वही लपवून आपण अनेक वर्षे लिहीत होतो आणि आपणही मार खाल्ला, हे त्यांनी पुढे 2008 च्या इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीत सांगितले. या मौनाने पुस्तक खोटे ठरत नाही. परंतु ‘आम्ही’ म्हणणाऱ्या बाईने त्या शब्दाखाली आपला ‘मी’ किती खोल ठेवला होता, हे कळल्यावर सुनांवरील ती प्रकरणे आम्हांला पुन्हा वाचावी लागली.

खाप्याच्या पुढील वाचनात आम्ही अरियपरियेसन सुत्त नेले. त्या उपासिकेने ते दोनदा वाचावयास लावले आणि मग विचारले की, आईवडील रडत होते हे तथागतांनी स्वतः सांगितले, तर तसबिरीवाल्याने त्यांना का काढले नाही?