शो रन, भिवंडी! गोडाऊनमधल्या स्विचच्या पोटातल्या भन्नाट गोष्टी

भिवंडी म्हटलं की कानात आधी यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. पण हल्ली अंजूरफाटा, मानकोली, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोडाऊनच गोडाऊन उभी आहेत, आणि तिथं वेगळेच धागे ओढलेत: नेटवर्क केबलचे! तुमचा ऑनलाइन मागवलेला कुकर भिवंडीतून निघाला असेल, तर त्याच्या स्कॅनची ‘बीप’ या केबल एकत्र जोडणाऱ्या कुठल्या तरी स्विचच्या कुठल्या तरी पोर्टातून नक्की धावलीय. कुठल्या पोर्टातून? तीच तर गंमत!

माहीत आहे का, जगातला पहिला इथरनेट स्विच बाजारात आणणाऱ्या कंपनीचं नाव काय होतं? ‘कल्पना’! हो, आपली कल्पना. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांची ही सिलिकॉन व्हॅलीतली कंपनी, आणि नाव भारद्वाजांच्या पत्नीचं. १९९० साली त्यांचा ‘इथरस्विच’ आला. पोर्ट किती? फक्त ७! १९९४ मध्ये सिस्कोनं अख्खी कंपनीच विकत घेतली. कल्पना भारीच होती.

आज एकेका स्विचला ४८ पोर्ट, आणि रॅकमध्ये असे चार-पाच स्विच. मग स्विचच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या यादीत, दिसतं ‘गिगाबिटइथरनेट १/०/२४’. घाबरू नका, हा पत्ता आहे! एकावर एक जोडलेल्या सिस्को स्विचांमध्ये पहिला आकडा स्विचचा, दुसरा मॉड्यूलचा, तिसरा पोर्टचा. पण ज्युनिपरचा स्विच असेल तर सावधान: तिथं मोजणी शून्यापासून. म्हणजे चोविसाव्या पोर्टचा नंबर २३. चुकीची केबल उपटायला एवढा एक आकडा पुरतो!

आता सगळ्यात चटकदार गोष्ट. स्विचला ‘शो रनिंग-कॉन्फिग’ म्हणून हुकूम सोडला, पोर्ट सापडला, आणि त्याच्याखाली काहीच नाही. कोरा! पोर्ट रिकामा आहे का? मुळीच नाही. सिस्कोचा स्विच मुळातल्या सेटिंग्ज बहुतेक वेळा छापतच नाही. तुम्ही बदललेलं तेवढंच दाखवतो. पोर्ट व्हीलॅन १ मध्ये (व्हीलॅन म्हणजे स्विचच्या आतलं वेगळं आभासी नेटवर्क) असेल, स्पीड ‘ऑटो’ असेल, तर त्याबद्दल अवाक्षर नाही. सगळं वदवून घ्यायचं तर शेवटी ‘ऑल’ जोडा. मग बघा, कोऱ्या पोर्टखालीही ओळींची रांग लागते. नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवावी अशी हीच एक गोष्ट, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी फसगत शोधतानाची. ‘शो रन’ला, म्हणजे त्याच हुकमाच्या छोट्या रूपाला, ‘सेक्शन’ची गाळणी लावून १/०/१ मागितलं, तर १/०/१० ते १/०/१९ ही दहाच्या दहा मंडळीही हजर! कारण त्यांच्या नावातही १/०/१ आहेच. इलाज? शेवटी डॉलरचं चिन्ह. ‘इथंच संपतं’ असा त्याचा अर्थ. किंवा सरळ ‘शो रन इंटरफेस’ म्हणून पोर्टचं नाव द्या. एकच येईल, शहाण्यासारखा.

माहीत आहे का, देशातली पहिली वीजवितरण फ्रँचायझी कुठं सुरू झाली? भिवंडीत! २६ जानेवारी २००७ रोजी टोरंट पॉवरनं इथली सूत्रं हाती घेतली. आता हे स्विचच्या गोष्टीत कशाला? कारण ‘रनिंग’ कॉन्फिग राहतं रॅममध्ये. वीज गेली किंवा दुसऱ्या कोणत्याही कारणानं स्विच बंद पडला की रॅम साफ! ‘स्टार्टअप’ कॉन्फिगमध्ये जे साठवलंय तेवढंच परत येतं. वाचवणारी जुनी जादूची अक्षरं दोनच: डब्ल्यू, आर. टाईप करा, एंटर मारा, निवांत चहा प्या.

‘शो इंटरफेसेस स्टेटस’च्या तक्त्यात ‘ए-फुल’, ‘ए-१०००’ दिसतं. तो चिमुकला ‘ए’ सांगतो की ही सेटिंग हातानं नाही, ‘ऑटो’नं ठरली. ‘ए-हाफ’ दिसलं की मात्र भुवया उंचवा. बहुतेकदा समोरच्यानं स्वतःचा वेग हातानं ठोकून बसवलेला असतो!

सीसीटीव्ही नेमका कोणत्या पोर्टवर? शिडी लावू नका. ‘शो मॅक अॅड्रेस-टेबल’ मारा. मॅक अॅड्रेस, म्हणजे यंत्राचा नेटवर्कमधला पत्ता, ४८ बिटांचा. सहसा त्यातल्या पहिल्या २४ बिटांवरून कंपनी कळते. कॅमेऱ्याची कंपनी ओळखा, पोर्ट हाती!

तांब्याच्या इथरनेट केबलची हद्द किती? १०० मीटर. दोनशे मीटर लांबीच्या गोडाऊनात एका टोकाच्या स्विचवरून दुसऱ्या टोकाचा कॅमेरा चालत नाही. मध्ये सहसा फायबर आणि दुसरा स्विच लागतो. म्हणून एका छपराखाली पोर्ट शोधायला अनेकदा दोन-तीन स्विचांत डोकवावं लागतं. कोणाला कोण जोडलंय, हे ‘शो एलएलडीपी नेबर्स’ सांगतं. शेजाऱ्यांची बित्तंबातमी!

व्हीलॅन किती करता येतात? ४०९४. नंबरासाठी १२ बिट, म्हणजे ४०९६. त्यातले पहिला आणि शेवटचा राखीव. पावती छापणारा प्रिंटर एका व्हीलॅनमध्ये, कॅमेरे दुसऱ्यात.

आणि कोणी एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली तर? लूप! पाकिटं गरागरा फिरतात, गोडाऊनचं नेट आडवं. यावरचा उतारा, ‘स्पॅनिंग ट्री’, रेडिया पर्लमन यांनी १९८५ च्या सुमारास डीईसी कंपनीत शोधला, आणि वर त्यावर एक कविताही लिहिली! स्विचनं स्वतःच कुलूप घातलेला पोर्ट ‘एरर-डिसेबल्ड’ दिसतो; ‘शो इंटरफेसेस स्टेटस एरर-डिसेबल्ड’ म्हणा, कारणासकट यादी हजर.

आता माझी सर्वांत लाडकी कमांड: ‘डिस्क्रिप्शन’. प्रत्येक पोर्टला नाव देता येतं. गाळा नंबर, गेट, वजनकाटा, कॅमेरा, जे असेल ते लिहा. पगारवाढ मागावी इतकं मोलाचं काम, आणि लागतं अर्ध्या मिनिटाचं टायपिंग. मग रात्री दोन वाजता फोन आला की गाळा नंबर सातचा प्रिंटर बंद आहे, तर ‘शो इंटरफेसेस डिस्क्रिप्शन’ मारायचं. ओळ समोर, पोर्ट समोर, आणि तो ‘अप’ आहे की ‘डाऊन’, तेही त्याच ओळीत!