९९ मॅच जिंकणाऱ्या टीमचं स्टेडियम रिकामं का राहतं?

तारीख ३ ऑक्टोबर २०२३. ठिकाण, अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं सेंट पीटर्सबर्ग. टॅम्पा बे रेज या बेसबॉल टीमची प्लेऑफची मॅच होती. त्या मोसमात रेजने पहिल्या सलग १३ मॅच जिंकल्या होत्या आणि १६२ पैकी एकूण ९९. एवढं करून मॅच बघायला किती लोक आले? १९,७०४. कोरोनाचं २०२० हे वर्ष सोडलं, तर १९१९ नंतर प्लेऑफच्या कुठल्याच मॅचला एवढी कमी गर्दी नव्हती. रेज ती मॅच ४-० अशी हरली, दुसऱ्या दिवशीचीही हरली आणि मोसम संपला.

हरणाऱ्या टीमकडे लोक फिरकत नाहीत हे समजू शकतो. पण रेज २००८ आणि २०२० अशी दोनदा वर्ल्ड सिरीजच्या फायनलपर्यंत गेलेली टीम आहे. मग घोडं अडतं कुठे?

उत्तराचा मोठा भाग टीमच्या नावातच आहे. ‘टॅम्पा बे’ नावाचं शहरच नाही. टॅम्पा बे म्हणजे खाडी. तिच्या एका बाजूला टॅम्पा, दुसऱ्या बाजूला सेंट पीटर्सबर्ग. या सगळ्या पट्ट्यात ३० लाखांहून जास्त लोक राहतात, पण रेजचं स्टेडियम, म्हणजे ट्रॉपिकाना फील्ड, सेंट पीटर्सबर्गच्या बाजूला आहे. टॅम्पाच्या मध्यवर्ती भागातून तिथे जायचं तर ३५ किलोमीटरच्या आसपास अंतर आणि मध्ये खाडीवरचा लांबलचक पूल. लोकल नाही, मेट्रो नाही. ऑफिस सुटल्यावर गाडी काढायची, पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, मॅच बघायची आणि रात्री उशिरा परत.

एखाद्या दिवशी हे कुणीही करेल. पण आयपीएलमध्ये एका टीमच्या घरच्या मैदानावर साखळीतल्या सात मॅच होतात, बेसबॉलमध्ये ८१. तेही मंगळवार-बुधवारच्या संध्याकाळी. म्हणजे स्टेडियम भरतं ते उत्साहावर नाही, सवयीवर. आणि पुलापलीकडची सवय लागत नाही.

मग स्टेडियम तिथे बांधलंच का?

गंमत अशी की आधी स्टेडियम आलं, टीम नंतर. टॅम्पाच्या आधी आपल्याकडे बेसबॉल यावं म्हणून सेंट पीटर्सबर्गने १९८०च्या दशकात हा बंदिस्त डोम बांधायला घेतला. १९९० मध्ये तो उघडला, पण टीमच नव्हती. शिकागोच्या व्हाइट सॉक्सने ‘आम्ही फ्लोरिडाला जाऊ’ असा धाक दाखवून आपल्याच शहरात नवं स्टेडियम पदरात पाडून घेतलं. १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा सौदा होता होता राहिला. शेवटी १९९८ मध्ये नवीकोरी टीम खेळायला लागली.

आणि ही जागा मोकळी नव्हती. तिथे गॅस प्लांट नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. घरं, दुकानं, चर्च होती. लोकांना उठवताना नवे उद्योग आणि नोकऱ्या येतील असं सांगितलं गेलं. आलं ते स्टेडियम आणि त्याच्याभोवती एकरच्या एकर पार्किंग.

टीम एवढी नवी असण्याचाही फटका बसतो. बेसबॉलची टीम बापाकडून पोरीकडे, आजोबांकडून नातवाकडे येते. फ्लोरिडात तर न्यूयॉर्क, बॉस्टनकडून स्थायिक झालेले लोक भरपूर, आणि ते आपली जुनी टीम सोबत घेऊन आलेत. त्यात न्यूयॉर्क यांकीज दर वर्षी मोसमाआधीचा सराव टॅम्पातच करतात. त्यामुळे यांकीज खेळायला आले की रेजच्या घरात पाहुण्यांचाच आवाज जास्त.

बरं, जे लोक रेजवर जीव लावतात त्यांचा लाडका खेळाडू टिकत नाही. खर्च कमी ठेवायचा म्हणून टीम स्टार खेळाडू महाग व्हायच्या आत दुसऱ्या टीमला देऊन टाकते. डेव्हिड प्राइस गेला, इव्हान लाँगोरिया गेला, २०२० च्या फायनलनंतर दोनच महिन्यांत ब्लेक स्नेल गेला. मॅच जिंकायला ही पद्धत भारी आहे. पण पोराने ज्याच्या नावाची जर्सी घेतली तोच दोन वर्षांनी समोरून खेळतोय, हे कुणाला आवडेल?

२०१० मध्ये प्राइस आणि लाँगोरियाने रिकाम्या खुर्च्यांबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. टीमने लगेच पुढच्या एका मॅचची २० हजार तिकिटं फुकट वाटली आणि स्टेडियम भरलं. काही जण यावरून म्हणतात की अंतर हा बहाणा आहे. मला ते पटत नाही. फुकटात एकदा येणं वेगळं आणि पैसे मोजून वर्षाला वीस वेळा येणं वेगळं. शिवाय टीव्हीवर रेजला प्रेक्षक बऱ्यापैकी मिळत आलेत. म्हणजे लोकांना टीम नको आहे असं नाही.

आइस हॉकीची टॅम्पा बे लाइटनिंग ही टीम १९९३ ते १९९६ याच डोममध्ये खेळायची. मग ती टॅम्पात गेली आणि आज उकाड्याच्या फ्लोरिडात बर्फावरचा खेळ हाऊसफुल्ल जातो. हॉकीच्या घरच्या मॅच निम्म्याच असतात, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

२०२४ च्या जुलैमध्ये जुन्या डोमशेजारीच १३० कोटी डॉलरचं नवं स्टेडियम बांधायला मंजुरी मिळाली. त्यात जवळपास निम्मा पैसा जनतेचा होता. ऑक्टोबरमध्ये मिल्टन चक्रीवादळाने ट्रॉपिकानाचं छप्पर फाडून टाकलं, आणि मार्च २०२५ मध्ये रेजने नव्या स्टेडियममधून अंग काढून घेतलं. २०२५ चा अख्खा मोसम ते टॅम्पात, सुमारे ११ हजार क्षमतेच्या मैदानावर खेळले. मैदान कुणाचं? यांकीजच्या सरावाचं.

त्याच वर्षी टीम विकली गेली आणि नव्या मालकांची नजर टॅम्पाच्या बाजूकडे वळली. छप्पर दुरुस्तीचा साडेपाच कोटी डॉलरहून जास्तीचा बोजा मात्र सेंट पीटर्सबर्ग शहरावर आला. कारण डोम शहराच्या मालकीचा आहे. रद्द झालेल्या करारात गॅस प्लांटच्या जागेवर परवडणारी घरं बांधायचंही ठरलं होतं. स्टेडियमबरोबर तेही बारगळलं.