मंत्र, तंत्र आणि हरवलेले यंत्र

आपल्या दोन्ही भाषांत एक गंमत आहे. 'मंत्रतंत्र' म्हटले की लिंबू-मिरची आणि मांत्रिक डोळ्यांपुढे येतो. पण त्याच 'तंत्रा'ला 'ज्ञान' जोडले की मराठीत काय नि कन्नडमध्ये काय, इंजिनिअरिंग कॉलेजच आठवते. जादू आणि यंत्र यांच्यातली ही पुसट रेषा अमेरिकेतल्या एका खेळप्रकाराने मोठ्या खुबीने वापरली आहे.

हा प्रकार म्हणजे 'रोल प्लेइंग गेम'. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एकेक पात्र होतो, सूत्रधार प्रसंग सांगतो आणि यशापयश फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने १९७४ साली तो रूढ केला. पुढे १९८० मध्ये गायगॅक्स यांनी 'एक्स्पिडिशन टू द बॅरिअर पीक्स' हे साहस लिहिले. तलवारी आणि मंत्र घेऊन वीर डोंगरात शिरतात, तर आत निघते कोसळलेले अंतराळयान! तिथली दारे रंगीत कार्डांनी उघडतात. हाती लागलेले शस्त्र कसे चालते हे चाचपडतच शिकायचे. चुकले तर स्वतःलाच इजा.

मॉन्टी कुक यांच्या २०१३ सालच्या 'न्यूमेनेरा'त तर सारी जादूच अशी आहे. काळ शंभर कोटी वर्षांनंतरचा. आठ महान संस्कृती येऊन लोपल्या. त्यांच्या अवशेषांवर राहणारी साधी माणसे सापडलेली यंत्रे वापरतात. कित्येक यंत्रे एकदाच चालतात. ती मुळात कशासाठी केली होती, हे कुणालाच ठाऊक नसते.

मला यातले मोल असे वाटते, की वापरता येणे आणि समजणे यांतले अंतर खेळता खेळता कळते. मोबाइल हाताळणाऱ्या आपल्या सर्वांनाच ते लागू आहे.

मात्र खेळात 'पूर्वी प्रगत यंत्रे होती' असे सूत्रधाराने म्हटले की पुरते. इतिहासात पुरावा लागतो. पुष्पक विमान म्हणजे आपले हरवलेले तंत्रज्ञान, असे अनेकजण सांगतात आणि दाखला म्हणून 'वैमानिक शास्त्र' पुढे करतात. त्याच १९७४ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तो ग्रंथ तपासला. तो १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याने रामायण उणे होत नाही. विमानाची कल्पना करणाऱ्या कवीची प्रतिभा तेवढीच थोर राहते. तेव्हा घरातल्या मुलांनी असा खेळ मांडला तर खुशाल मांडू द्यावा. पण 'हे खरेच होते का?' असे त्यांनी विचारले, तर फासे बाजूला ठेवून त्यांच्यासोबत पुरावा शोधायला बसावे.