उकिरड्यातून वीज : एका प्रखर ज्योतीचा हिशेब



बारा वर्षांनी उकिरड्याची दैनाही फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. शहराच्या वेशीबाहेर वर्षानुवर्षे धुमसणारे कचऱ्याचे ढीग पाहिले, म्हणजे ही बारा वर्षे सरणार तरी केव्हा, असे वाटू लागते. विजेच्या प्रखर उष्णतेने या कचऱ्याचा वायू करावयाचा आणि त्या वायूपासून पुन्हा वीज मिळवावयाची, अशी एक युक्ती शास्त्रज्ञांनी काढली आहे. ती चालते कशी आणि परवडते कोठे, हे आज आपण पाहू.

वेल्डिंग करणाऱ्या कारागिराच्या हाताशी डोळे दिपविणारा जो निळसर प्रकाश दिसतो, ती विजेची कमान होय. दोन टोकांमधील हवेतून मोठा विद्युत्प्रवाह वाहू लागला, की हवेच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. वायूच्या या अवस्थेला अर्विंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ साली 'प्लाझ्मा' हे नाव दिले. अशा कमानीतून सोडलेला वायूचा झोत ५,००० अंश सेल्सियसहूनही अधिक तापविता येतो.

हा झोत भट्टीत सोडला, तरी तेथे कचरा चुलीतल्या लाकडाप्रमाणे जाळावयाचा नसतो. कोळसा पाडणारे लोक भट्टी मातीने लिंपून हवा कोंडतात, तशीच येथेही हवा मोजूनमापूनच आत सोडतात. त्यामुळे कागद, कापड, प्लॅस्टिक यांचे पूर्ण ज्वलन न होता त्यांचे विघटन होते, आणि मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे दोन ज्वलनशील वायू हाती येतात. त्यांतील आम्ले, धूळ व पारा काढून टाकला, की त्या मिश्रणावर इंजिन चालते. माती, काच व धातू वितळून तळाशी जमतात. त्यांतील खनिज भाग निवाला, की काळ्या काचेसारखा खडा होतो.

इथवर सारे मनोहर आहे. पण ही ज्योत विजेवरच पेटते, आणि खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते. म्हणजे ज्या कचऱ्याच्या एका टनात निम्मे पाणी आहे, त्याचे केवळ पाणी आटविण्यातच साडेतीनशे युनिटांइतकी ऊर्जा खर्ची पडते. भाज्यांची देठे, उष्टे अन्न, पावसात भिजलेला पालापाचोळा या भट्टीत घालणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

परदेशांतही ही गोष्ट सोपी ठरलेली नाही. जपानमधील उताशिनाई येथे असा कारखाना २००३ साली सुरू झाला. पुरेसा कचरा मिळेना, म्हणून २०१३ साली तो बंद पडला. इंग्लंडमधील टीज खोऱ्यात एअर प्रॉडक्ट्स या कंपनीने असे दोन प्रचंड कारखाने उभारावयास घेतले होते. अडचणी सुटेनात, तेव्हा २०१६ साली तिने हा उद्योगच सोडला. त्यापायी ९० ते १०० कोटी डॉलरांचा फटका बसेल, असा अंदाज तिने त्या वेळी जाहीर केला होता.

मग ही विद्या टाकाऊच समजावयाची काय? मुळीच नाही. पुण्याजवळच्या रांजणगावी तिची योजना केली गेली, ती कारखान्यांतील घातक कचऱ्यासाठी. विषारी द्रव्याचा नायनाट हाच जेथे मुख्य हेतू असतो, तेथे वीज थोडी कमी हाती आली तरी सौदा तोट्याचा ठरत नाही. ओल्या कचऱ्याला मात्र दुसरी वाट आहे. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला. तेथे जंतूंकरवी कचरा कुजवून त्यापासून वाहनांसाठी वायू करतात. त्यासाठी विजेची कमान लागत नाही. जे पाणी भट्टीला वैरी, तेच तेथे जंतूंना उपकारक ठरते.

तात्पर्य, कोणत्या कचऱ्याला कोणता मार्ग, याचा निवाडा कारखान्याच्या दारात नव्हे, तर आपल्या स्वयंपाकघरात होतो. ओले आणि सुके तेथेच वेगळे झाले, तर प्रत्येकाला योग्य ती वाट सापडेल. ते एकदा एकत्र कालवले गेले, की सूर्याशी स्पर्धा करणारी ज्योतही आधी पाणीच आटवीत बसणार! आपल्या गावात असा एखादा कारखाना येऊ घातला, तर त्यातून किती वीज निघेल एवढेच विचारून थांबू नका. त्याच्या पोटात किती वीज जाईल आणि कचरा किती कोरडा मिळेल, हेही अवश्य विचारा. उकिरड्याची दैना फिटावयाची, ती असा चोख हिशेब मांडल्यानेच फिटेल.